मरळ माशाची गळमासेमारी

गोड्या पाण्यातील मरळ या शिकारी माशाला काठी, दोरी व गळ यांच्या साहाय्याने पकडण्याच्या पद्धतीस मरळ माशाची गळमासेमारी म्हणतात. यूरोप, उत्तर आशिया व उत्तर अमेरिका येथील थंड पाण्यात पाइक (एसॉक्स ल्यूसियस) या माशाला जे स्थान आहे, तेच भारताच्या सखल प्रदेशांतील तळी, जलाशय व संथ नद्या यांत मरळीला आहे. पाइक भारतात आढळत नाही. तथापि दोन्ही मासे पाणवनस्पतींत दबा धरून बसतात व भक्ष्य टप्प्यात येताच त्यावर झडप घालतात. त्यामुळे पाइकसाठी विकसित झालेली साधने, विशेषतः कृत्रिम माशीची म्हणजेच फ्लायची साधने, काही फेरफार करून मरळीसाठी वापरता येतात. साधनांची निवड करताना माशाचे वजन किती आहे यापेक्षा त्याचे तोंड कसे आहे व तो कोणत्या पाण्यात राहतो, या दोन गोष्टींना अधिक महत्त्व द्यावे लागते. येथे हा विषय ठाणे जिल्ह्यातील बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर या परिसरातील, म्हणजेच उल्हास नदीच्या मध्य खोऱ्यातील पाण्याच्या संदर्भात मांडला आहे.

इतिहास : गळाने मासे पकडण्याची कला प्राचीन आहे. कृत्रिम माशीचे एक जुने वर्णन इ. स. २०० च्या सुमारास ईलिअन या लेखकाने केले आहे. मॅसिडोनियातील एका नदीवरचे कोळी गळाला लाल लोकर गुंडाळून व कोंबड्याची पिसे बांधून मासे पकडीत, असे त्यात सांगितले आहे. भारतात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांची आमिषे, दोरी, काठी व गळ टाकण्याची रीत यांचे विवेचन आढळते. या राजाची राजधानी कल्याणी म्हणजे कर्नाटकातील आजचे बसवकल्याण होय. उल्हास नदीवरील कल्याण नव्हे. ब्रिटिश अमदानीत एच्. एस्. टॉमस यांनी द रॉड इन इंडिया हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध केला. या काळातील हौशी शिकाऱ्यांचे मुख्य लक्ष्य महसीर, म्हणजे खडस मासा हे होते. मरळ हा मात्र गावकऱ्यांचा मासा राहिला. कळकाची काठी, जाड दोरा, मोठा गळ व आमिष म्हणून जिवंत बेडूक, एवढ्याच साधनांवर तो पकडला जाई आणि अजूनही अनेक ठिकाणी पकडला जातो. मुंबईच्या पवई तलावासारख्या ठिकाणी हौशी गळमासेमारीची संघटित परंपराही निर्माण झाली.

मरळ : मरळ हे चॅना या प्रजातीतील माशांचे सामान्य नाव आहे. महाराष्ट्रात चॅना स्ट्रायटा, चॅना मरुलियस व चॅना पंक्टॅटा या जाती परिचित आहेत. त्यांपैकी पहिली तळी, भातखाचरे व दलदलीची ठिकाणे यांत, तर दुसरी मोठे जलाशय व नद्यांचे खोल डोह यांत विशेषेकरून आढळते. मरुलियस जातीचा मासा एक मीटरपेक्षाही लांब होऊ शकतो. मरळीचे शरीर लांबट व गोलसर, डोके सापासारखे चपटे व मोठ्या खवल्यांनी झाकलेले, तोंड रुंद आणि जबडे दणकट असतात. खालच्या जबड्यात सुळ्यांसारखे दात असून टाळूवरही दात असतात. भक्ष्य निसटू नये म्हणून घट्ट धरून ठेवणे हे या दातांचे कार्य आहे. याउलट पाइकच्या तोंडात असंख्य बारीक, तीक्ष्ण दात असतात व ते साधी नायलॉनची दोरी सहज कापतात. साधनांतील एक महत्त्वाचा फरक येथूनच उद्भवतो.

मरळीला कल्ल्यांखेरीज त्यांच्या वरच्या बाजूस हवेतील ऑक्सिजन घेण्यासाठी विशेष पोकळ्या असतात. त्यामुळे ती थोड्याथोड्या वेळाने पृष्ठभागावर येऊन हवा घेते व ऑक्सिजन अत्यल्प असलेल्या पाण्यातही जगते. त्वचा ओली राहिल्यास ती पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहते; म्हणूनच बाजारात ती बहुधा जिवंत विकली जाते. मासेमाराच्या दृष्टीने हवा घेण्याची ही सवय फार उपयोगी ठरते. पाण्यावर उठलेले वलय व लहानसा आवाज यांवरून माशाचे ठिकाण कळते व त्याच्या थोडे पुढे आमिष टाकता येते.

उल्हास खोऱ्यातील पाणी : उल्हास नदी लोणावळ्याजवळच्या राजमाची परिसरात सह्याद्रीत उगम पावते आणि कर्जत, नेरळ व बदलापूरवरून कल्याणकडे जाऊन पुढे वसईच्या खाडीस मिळते. आंध्रा नदीवरील ठोकरवाडी जलाशयाचे पाणी भिवपुरी येथील जलविद्युत् केंद्रातून १९२२ पासून या खोऱ्यात सोडले जात असल्याने कोकणातील इतर अनेक नद्यांप्रमाणे ती उन्हाळ्यात कोरडी पडत नाही. बदलापूरजवळ नदीवर बंधारा असून त्याच्या फुगवट्यात संथ, खोल पाणी साचते. बारवी या उपनदीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे धरण आहे. अंबरनाथजवळ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेला जुना तलाव ‘जीआयपी टँक’ या नावाने ओळखला जातो.

गळमासेमारीच्या दृष्टीने या पाण्याचे तीन प्रकार पडतात. कर्जत ते बदलापूर या भागात खडकाळ पात्र, वाहते पाणी व मधूनमधून डोह आढळतात. तेथे झाडोरा कमी असतो. बंधारे व जलाशय यांच्या काठांवर बुडालेली झुडपे, गवत व लव्हाळे असतात. मरळीला हे स्थान सर्वांत अनुकूल होय. बदलापूरच्या खाली रायते ते मोहने या भागात सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे जलपर्णी माजते व काही महिने पाण्याचा पृष्ठभाग तिने पूर्णपणे झाकला जातो. या तीन पाण्यांसाठी एकच साधन पुरे पडत नाही.

साधनांची निवड : गळमासेमारीच्या दोन मुख्य पद्धतींतील तत्त्व आधी समजून घ्यावे लागते. पहिल्या पद्धतीत वजन आमिषात असते. काठीने आमिष फेकले जाते व ते आपल्यामागे बारीक दोरी ओढून नेते. दुसऱ्या, म्हणजे फ्लायच्या पद्धतीत कृत्रिम माशी जवळजवळ वजनरहित असते. म्हणून वजन दोरीत ठेवावे लागते. जाड, वजनदार दोरी काठीने हवेत मागेपुढे खेळवून पुढे टाकली जाते व ती माशीला आपल्याबरोबर नेते. यामुळे पहिल्या पद्धतीत निवडीचा आरंभ आमिषापासून, तर दुसऱ्या पद्धतीत दोरीपासून होतो.

(१) काठी : जुनी काठी कळकाची असे. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या व १९७० नंतरच्या काळात कार्बनतंतूच्या काठ्या प्रचारात आल्या. मरळीसाठी आमिष फेकण्याची काठी सु. १·८ ते २·१ मी. लांब व ताठ असावी. तिचे टोक किंचित लवचिक व बुंधा दणकट लागतो. कारण गळ लागताच माशाचे डोके वर उचलून त्याला वनस्पतींबाहेर खेचावे लागते. फ्लायची काठी सु. २·७ मी. लांबीची व ८ किंवा ९ क्रमांकाची घेतात. पाइकसाठी साधारणतः ८ ते १० क्रमांकाची काठी वापरतात. क्रमांक वाढतो तशी काठी अधिक वजनाची दोरी पेलू शकते. नवशिक्याने केवळ मोठा मासा लागेल या आशेने १० क्रमांकाची काठी घेणे योग्य नव्हे. दिवसभर ती खेळवताना खांदा व मनगट दुखावतात आणि फेक बिघडते.

(२) दोरी : फ्लायच्या दोरीचा क्रमांक तिच्या पुढच्या ९·१ मी. भागाच्या वजनावरून ठरतो. ५ क्रमांकाच्या दोरीत हे वजन सु. ९ ग्रॅ., ८ क्रमांकाच्या दोरीत सु. १३·६ ग्रॅ. व ९ क्रमांकाच्या दोरीत सु. १५·६ ग्रॅ. असते. मरळीसाठी वापरावयाची मोठी, केसाळ माशी हवेचा बराच विरोध करते. तिला पुढे नेण्यास ५ क्रमांकाच्या दोरीचे वजन अपुरे पडते. हे ८ क्रमांकाच्या निवडीचे खरे कारण होय. माशाचे बळ हे दुय्यम कारण आहे. दोरी तरंगणारी असून तिचे वजन पुढच्या भागात एकवटलेले असावे, म्हणजे दोनतीन झोकांतच फेक पूर्ण होते. पाइकसाठी बनविलेल्या पुष्कळ दोऱ्या थंड हवामानासाठी असतात. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूर परिसरातील तापमान ४०° से. च्या आसपास जाते, तेव्हा अशी दोरी मऊ व चिकट होऊन कड्यांतून सरकत नाही. म्हणून उष्ण प्रदेशासाठी बनविलेली, ताठ गाभ्याची दोरी निवडावी.

आमिष फेकण्याच्या पद्धतीत विणलेली पॉलिएथिलिनाची दोरी अधिक सोयीची ठरते. नायलॉनची दोरी ताणली असता बरीच लांबते व गळाला दिलेला हिसका मधेच विरतो. विणलेली दोरी फारच कमी लांबते. तिची ताणशक्ती १४ ते २० किग्रॅ. असावी. दोन किग्रॅ. वजनाच्या माशासाठी एवढी मजबूत दोरी अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. परंतु मासा जलपर्णीच्या मुळांत शिरला की दोरीला माशाबरोबर वनस्पतींचाही भार ओढावा लागतो. उघड्या डोहात याच्या निम्म्या ताणशक्तीची दोरी पुरते.

(३) लीडर : मुख्य दोरी व गळ यांना जोडणाऱ्या पुढच्या तुकड्यास लीडर म्हणतात. पाइकच्या दातांमुळे त्याच्यासाठी लीडरच्या शेवटी धातूच्या तारेचा तुकडा बहुधा जोडावा लागतो. मरळीसाठी तारेची सहसा गरज नसते. ०·५ ते ०·६ मिमी. व्यासाचा, दातांच्या घर्षणास टिकणारा जाड नायलॉनचा तुकडा पुरतो. तारेमुळे तरंगती माशी नाकावर बुडते व तिची चाल अनैसर्गिक होते. फ्लायसाठी लीडर आखूड, सु. १·५ मी. लांबीचा ठेवतात. प्रत्येक माशानंतर लीडरवरून बोट फिरवून तो खरखरीत झाला आहे काय, हे पाहणे आवश्यक असते.

(४) रीळ : फ्लायच्या पद्धतीत रीळ मुख्यतः दोरी साठविण्याचे काम करते, मासा बहुधा हातानेच दोरी ओढून आणला जातो. आमिष फेकण्याच्या पद्धतीत रिळाचा रोध घट्ट ठेवावा लागतो, कारण मरळीला लांब धाव घेऊ देणे म्हणजे तिला झाडोऱ्यात जाऊ देणे होय. महसीर वाहत्या पाण्यात दूरवर धावतो व त्याच्यासाठी लांब दोरी आणि सहज सुटणारे रीळ लागते. मरळीची झुंज मात्र पहिल्या काही मीटरांतच निकाली निघते.

(५) गळ : गळांच्या क्रमांकपद्धतीत १ पर्यंत क्रमांक जसा कमी होतो, तसा गळ मोठा होत जातो, त्यापुढे १/०, २/०, ३/० असे चढते क्रमांक येतात. मरळीसाठी १/० ते ३/० हे जाड तारेचे गळ योग्य ठरतात. गळाचे टोक व दांडी यांतील अंतर आमिषाच्या जाडीपेक्षा पुरेसे जास्त असावे, अन्यथा तोंडाचा कठीण भाग गळात येत नाही. उलटा काटा पक्कडीने चेपून टाकल्यास गळ लवकर रुततो व लवकर निघतो. दोरी ताणलेली ठेवल्यास मासा सुटण्याचे प्रमाण फारसे वाढत नाही. झाडोऱ्यात वापरावयाच्या गळाच्या टोकापुढे ताठ नायलॉनची कमान बसवितात. ती गवताला अडवते व माशाच्या चाव्याने दबते.

(६) आमिष व माशी : पोकळ रबरी बेडूक हे मरळीचे लोकप्रिय कृत्रिम आमिष आहे. त्याचा दुहेरी गळ पाठीला चिकटून वर वळलेला असल्याने ते जलपर्णीवरून ओढता येते. पाइकसाठी १५ ते २५ सेंमी. लांबीच्या माशा बांधतात. मरळीसाठी ७ ते १० सेंमी. लांबीची, बेडूक किंवा लहान मासा यांसारखी दिसणारी माशी पुरेशी असते. ती स्पंज, बकरीचे केस व पाळीव कोंबड्याची पिसे यांपासून घरी बांधता येते. सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेची चकचकीत ठिपक्यांची पिसे जगभर माशा बांधणाऱ्यांत एके काळी अतिशय मोलाची मानली जात. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या पक्ष्याला संरक्षण असल्याने तेथील रानपक्ष्यांची पिसे वापरणे बेकायदेशीर आहे. जिवंत बेडकाचा उपयोगही आता टाळला जावा, असा विचार रूढ होत आहे.

पद्धती : आमिष माशाच्या अंदाजित स्थानापलीकडे टाकून थांबत थांबत ओढतात. मरळ पाणी उसळवून झडप घालते, त्या क्षणी लगेच हिसका दिल्यास आमिष तोंडातून निघून येते. दोरी ताणली जाईपर्यंत एकदोन सेकंद थांबून मग काठी जोराने उचलावी लागते. मासा काठाशी आल्यावर हातजाळ्यात घेऊन ओल्या हातांनी धरावा व गळ लांब पक्कडीने काढावा. तोंडात बोट घालू नये. सोडून द्यावयाचा मासा कोरड्या, तापलेल्या खडकावर ठेवल्यास त्याच्या त्वचेवरील बुळबुळीत थर जातो व नंतर त्याला रोग जडण्याचा संभव असतो.

अयोग्य साधनांचा दोष मासेमारापेक्षा माशाला अधिक भोवतो. दोरी फार बारीक असल्यास ती तुटते व मासा दुहेरी गळ जबड्यात घेऊन निघून जातो. जबडे मिटले किंवा अडकले की त्याला भक्ष्य गिळता येत नाही. झाडोऱ्यात अडकलेली तुटकी दोरी पाणकावळे, बगळे व कासवे यांच्याही पायात गुरफटते. म्हणून पुरेशी जाड दोरी ही हौसेची बाब नसून जबाबदारीची बाब आहे.

हंगाम व संरक्षण : उन्हाळ्यात पाणी ओसरते, मासा मोजक्या जागी एकवटतो व पृष्ठभागावर हवा घेताना दिसतो, हा मरळीचा मुख्य हंगाम होय. पहिल्या पावसाबरोबर नदी-नाल्यांतील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने ओढे व भातखाचरांत चढतात. ठाणे-रायगड भागात याला वलगण म्हणतात व हे मासे पकडण्याची जुनी प्रथा आहे. मरळीची विणही मुख्यतः पावसाळ्यात होते. ती वनस्पतींमध्ये मोकळी जागा करून तेथे तरंगणारी अंडी घालते. अंडी व नंतर पिले यांचे रक्षण नर-मादी, विशेषतः नर, करतात. तांबूस-नारिंगी पिलांचा थवा पाण्यावर उकळी फुटल्यासारखा दिसतो व त्याच्या खालीच पालक मासा असतो. या थव्यावर आमिष टाकल्यास पालक भुकेने नव्हे, तर रक्षणासाठी झडप घालतो. त्यामुळे हा मासा पकडणे फार सोपे असते; मात्र तो काढून घेतल्यास पिलांचा बहुतांश थवा इतर माशांच्या व पक्ष्यांच्या भक्ष्यस्थानी पडतो. पिलांच्या थव्यावर गळ न टाकणे हा या मासेमारीतील पहिला नियम मानला पाहिजे.

सुरुंग व विष यांच्या साहाय्याने मासे मारण्यास भारतीय मत्स्योद्योग अधिनियम, १८९७ अन्वये बंदी आहे. जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. म्हणून त्यांची व जलाशयाच्या व्यवस्थापनाची परवानगी घेणे आवश्यक असते. पावसाळ्यात उल्हासचे पाणी झपाट्याने चढते. २७ जुलै २०१९ रोजी पुराच्या पाण्यामुळे बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली व तिच्यातील प्रवाशांना बाहेर काढावे लागले. यावरून काठावर उभे राहण्यातील धोक्याची कल्पना येते.

नदीची स्थिती : १९४७ नंतर कल्याण छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधू नदीतील पल्ला माशाची आवड घेऊन आलेला हा समाज मत्स्याहारी असल्याने येथे माशांचा मोठा बाजार वाढला. त्याच नगराजवळून वाहणारी वालधुनी नदी मात्र मत्स्यजीवनाला पारखी झाली. अंबरनाथच्या डोंगरांत उगम पावून, शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून ती उल्हासनगर-कल्याणकडे जाते. औद्योगिक व नागरी सांडपाण्यामुळे तिचे नाल्यात रूपांतर झाले. २०१४ मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनांतून उठलेल्या वायूमुळे काठावरील शेकडो रहिवाशांना बाधा झाली. अशा सांडपाण्याखालच्या भागातील मासे खाण्यास योग्य नसतात, कारण जड धातू शिकारी माशांच्या शरीरात साठत जातात.

येथे मरळीविषयी एक गैरसमज होण्याचा संभव आहे. ती हवेतून श्वसन करीत असल्याने ऑक्सिजनहीन पाण्यातही तग धरते. म्हणून एखाद्या पाण्यात मरळ लागली एवढ्यावरून ते पाणी निरोगी आहे, असे अनुमान काढता येत नाही. स्वच्छ, वाहत्या व ऑक्सिजनयुक्त पाण्याची खूण महसीरसारख्या माशाच्या अस्तित्वात असते. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपन्यांनी महसीराचे कृत्रिम प्रजनन करून अनेक ठिकाणी बीज पुरविले आहे. तथापि बीज सोडून मासा टिकत नाही, त्यासाठी पाणी टिकावे लागते. काठी, दोरी व गळ यांची निवड कितीही काटेकोर केली, तरी पाण्याची निवड तीपूर्वी येते; आणि उल्हास खोऱ्यात निवडण्याजोगे पाणी किती उरते, यावरच येथील गळमासेमारीचे भवितव्य अवलंबून आहे.